उबवणुकीची आयात अंडी धुरी देऊन घेतली की साल्मोनेला या रोगकारक जिवाणूचा धोका संपतो का?

नाही. फॉर्मॅल्डिहाइडची धुरी कवचावरचे जंतू मारते, आतले नाही. साल्मोनेलाचे एन्टेरिटिडिस किंवा पुलोरम हे प्रकार कोंबडीच्या अंडाशयातूनच अंड्यात उतरतात. अशा अंड्याला बाहेरून कितीही धुरी द्या, उपयोग शून्य. शिवाय ताजं, उबदार अंडं गार होताना आतला भाग आकसतो आणि कवचावरची विष्ठा छिद्रांतून आत ओढली जाते. म्हणून धुरी द्यायची तर अंडी गोळा केल्या केल्या.

खरा बंदोबस्त आईबापांच्या कळपातच. युरोपीय संघात पैदाशीच्या कोंबड्यांमध्ये साल्मोनेलाच्या पाच प्रकारांवर नजर असते: एन्टेरिटिडिस, टायफिम्युरियम, इन्फँटिस, व्हर्चो, हदार. तपासणी पिल्लं 1 दिवसाची असताना, 4 आठवड्यांची झाल्यावर आणि अंड्यावर येण्याआधी 2 आठवडे. पहिले दोन प्रकार सापडले, तर न उबवलेली अंडी नष्ट करतात किंवा उष्णता देऊन खाण्यासाठी वापरतात, कळपही काढतात.

तेव्हा आयात करताना पुरवठादाराकडून कळपाचे तपासणी अहवाल मागाच. पिल्लं आली की खोक्यातल्या कागदावरची विष्ठा प्रयोगशाळेत पाठवा, आणि निकाल येईपर्यंत पिल्लं जुन्या कळपापासून लांब ठेवा. बूटसुद्धा वेगळे हवेत! प्रतिजैविक देऊन 'साफ' केलेल्या कळपावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. औषधाने जंतू दबतात, तपासणीत दिसत नाहीत, एवढंच.