पत्रक हातात, टोमणा कानात

"रशियन सणाची पत्रकं वाटते म्हणून लोक नको ते बोलतात. उत्तर द्यावं की गप्प बसावं?" हा प्रश्न घेऊन पेडणे तालुक्यातली 24 वर्षांची एक मुलगी समुपदेशनाला आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मोरजीतली काही रशियन कुटुंबं हॉल घेऊन मास्लेनित्सा हा रशियन सण साजरा करणार होती. ती त्यांच्या मुलांची शिकवणी घ्यायची, शिवाय मराठी-कोंकणी बोलणारी तीच एकटी, म्हणून गावात सांगण्याचं काम तिच्याकडे आलं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पहिल्याच तासाला एकाने सुनावलं, "ड्रग्ज नि नागडेपणा, दुसरं काय आहे त्यांच्याकडे? तू गे कशाला त्यांच्या नादाला लागलीस?" रात्रभर झोप नाही. पुढचा शुक्रवार तिने ताप आल्याचं सांगून चुकवला.

गोची तिथेच होते. टाळलं की लगेच बरं वाटतं, आणि मन धडा घेतं की बाजार धोक्याचा. पुढच्या खेपेला पाय आणखी जड.

सुरुवात वहीपासून केली. जागा, वेळ, कानावर पडलेले शब्द जसेच्या तसे, आणि अंगात काय झालं. पंधरा दिवसांत 19 नोंदी झाल्या. टोमणे फक्त 5. बाकीचे साधे प्रश्न होते: किती वाजता, पैसे किती, अंडं असतं का. तिच्या लक्षात मात्र ते 5च राहिले होते.

मग तिची उत्तरं तपासली. "सगळे रशियन तसे नसतात" हे वाक्य ती दर वेळी म्हणायची. यात समोरच्याचा आरोप आपणच पुन्हा उच्चारतो आणि अख्ख्या देशाचं वकीलपत्र घेऊन बसतो. ते तिला कोणी दिलं नव्हतं. त्याऐवजी सणाबद्दल दोन वाक्यं ठरवली: "इंत्रूज (गोव्याचा कार्निव्हल) जसा उपासाच्या दिवसांआधी येतो, तसाच हा त्यांचा. आठवडाभर मांस नाही, दूध, लोणी नि अंड्याचे पातळ घावन खातात." पंधरा सेकंदांत संपतं.

पुतळ्याचा मुद्दा अवघड होता. शेवटच्या दिवशी बाईचे कपडे घातलेली गवताची बाहुली जाळतात. पत्रकावर तिचा फोटो होता, त्यामुळे कोणी जादूटोणा म्हणे, कोणी विचारे, "बाई जाळताय?" इथे शंका खरी आहे, तिला टोमणा समजू नये. "ती हिवाळ्याची बाहुली, आपण नरकासुर जाळतो तशी," एवढं पुरलं. पत्रकावरचे 'रशियन नाइट' हे शब्दही काढायला लावले. गोव्यात ते वाचून दुसरंच डोळ्यांपुढे येतं. त्या जागी आलं: संध्याकाळी 4 ते 7, दारू नाही, मुलांसह या. पूर्वग्रह लोकांचा खरा, पण त्याला खतपाणी आपल्या कागदानेही घालू नये.

सराव तीन फेऱ्यांत झाला. समुपदेशकाने तोच टोमणा आधी सपाट आवाजात म्हटला, मग चढ्या आवाजात, मग ती पत्रक पुढे करत असताना. पहिल्या फेरीत हसू येतं, दुसरीत बहुतेकांचा गळा दाटतो, तिचाही दाटला. तिथे न थांबता चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं पाच वेळा, आणि मग वाक्य. पाठ केलेलं वाक्य घाईत म्हटलं की सारवासारव केल्यासारखं ऐकू येतं, म्हणून पहिला शब्द मुद्दाम सावकाश.

बाजारातले नियम थोडे: सोबत कोणीतरी हवं, दीड तासाहून जास्त उभं राहायचं नाही, एकाच माणसाला दुसऱ्यांदा उत्तर नाही. कोणी वाट अडवली, हात धरला किंवा मागे लागलं, तर बोलत बसू नये. गर्दीच्या दुकानात शिरून 112.

तिसऱ्या शुक्रवारी मासळीवाल्या मावशीने तिला विचारलं, "पाखल्यांचं (गोऱ्या परदेश्यांचं) पीठ आंबवतात गे?" पूर्वी यीस्ट घालून आंबवत, आता बरेच जण तसंच ओततात, असं तिने सांगितलं आणि दोघी तव्याबद्दल बोलत राहिल्या.

घरी मामाने जेवताना मारलेला टोमणा मात्र अजून सलतो. तिथे पंधरा सेकंदांचं उत्तर चालत नाही, मामा उद्याही समोरच बसणार. पुढचं सत्र त्याच्यासाठी ठेवलं आहे.