सिटिझनशिपचा अर्ज पेंडिंग असताना अमेरिकेतून भारतात येऊन जाता येतं का?

येतं. तुम्ही लिहिलंय की एन-400, म्हणजे सिटिझनशिपचा फॉर्म, भरून चार महिने झाले, पुण्यात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, तीन आठवडे यायचंय, पण 'केस चालू असताना देश सोडू नकोस' असं सगळे सांगतायत. असं सांगणारं माणूस आमच्याही वाट्याला आलं होतं, म्हणून लिहायला बसले.

मी कोथरूडला राहते, धाकटा भाऊ न्यू जर्सीत. 2023 च्या मे महिन्यात त्याने अर्ज केला आणि ऑगस्टमध्ये बाबांना आयसीयूत ठेवावं लागलं. सोळा दिवस होते. पहिल्या दिवशी फोन केला तेव्हा भाऊ बॅग भरत होता. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "ताई, इथला मित्र म्हणतोय, आत्ता बाहेर गेलं तर अर्ज सोडून दिला असं धरतात." मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी म्हटलं, बरं, मग थांब. ते 'थांब' अजून टोचतं.

वैकुंठ स्मशानभूमीत अग्नी मी दिला. दहाव्याला ओंकारेश्वरावर पिंड ठेवून आम्ही तासभर उभे होतो. झाडावर कावळे होते, एक खाली येईना. पाऊस भुरभुरत होता. मावसभावाने धरलेल्या फोनच्या काचेवर थेंब पडत होते आणि मी ओढणीने ते पुसत होते, कारण त्या काचेत भाऊ हात जोडून बसलेला. तिकडे रात्रीचे साडेबारा वाजले होते. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. "मुलात जीव अडकला असणार," काकू मोठ्याने म्हणाली. मला असलं काही पटत नाही, पण भावाने ते ऐकलं.

नंतर मी हट्टाने सगळे नियम वाचून काढले. मित्राने सांगितला तो नियम ग्रीन कार्डाच्या अर्जाचा होता. तो अर्ज पेंडिंग असताना अ‍ॅडव्हान्स परोल, म्हणजे परत येण्याची आगाऊ परवानगी, न घेता बाहेर गेलं तर बहुतेकांचा अर्ज सोडला असं धरतात. सिटिझनशिपच्या अर्जदाराकडे ग्रीन कार्ड असतंच, त्यावर तो जाऊन येऊ शकतो. भाऊ अजूनही म्हणतो, "तेव्हा रिस्क होती." नव्हती. बायोमेट्रिक्सची, म्हणजे बोटांचे ठसे-फोटो देण्याची, तारीख बदलून मिळते. मुलाखतीला जमत नसेल तर आधी कळवायचं. न कळवता चुकवली तरी फाइल बंद करून ठेवतात आणि वर्षाच्या आत ती उघडायला सांगता येतं. बाबा परत बोलावता आले नसते.

खरी अडचण नागरिकत्वाच्या शपथेनंतर येते, आणि ती कुणी सांगत नाही. शपथेच्या दिवशी ग्रीन कार्ड परत घेतात. भारतीय नागरिकत्वही त्याच क्षणी संपतं, 1955 च्या कायद्याचं कलम 9, त्यामुळे जुना पासपोर्ट चालत नाही. मग अमेरिकन पासपोर्ट, भारतीय पासपोर्ट सरेंडर करणं, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड) किंवा व्हिसा, हे सगळं झाल्यावरच भारतात येता येतं. 'एकदा सिटिझनशिप होऊ दे, मग निवांत येतो' म्हणणाऱ्या माझ्या भावाची शपथ जून 2024 मध्ये झाली आणि ऑगस्टमधलं बाबांचं वर्षश्राद्ध ओसीआयची वाट बघण्यात हुकलं. घरी आला तो डिसेंबरात. तेव्हा तुम्हाला यायचंय तर आत्ताच या, शपथेआधी.

तीन आठवड्यांनी काही बिघडत नाही. आईजवळ जास्त राहावंसं वाटलं तरी सलग सहा महिन्यांच्या पुढे जाऊ नका. मग सिटिझनशिपसाठी लागणारं अमेरिकेतलं सलग वास्तव्य तुटलं असं धरतात आणि ते तुटलं नाही हे तुम्हाला सिद्ध करत बसावं लागतं. अर्ज दिल्यावरही हे शपथेपर्यंत लागू असतं. निघण्याआधी टपाल बघायला कुणाला तरी सांगा, ऑनलाइन खातं रोज उघडा. जाण्यायेण्याच्या तारखा लिहून ठेवा, मुलाखतीत विचारतात. मुलाखतीनंतर प्रवास केलात तर शपथेच्या दिवशी एन-445 फॉर्मवर तो लिहावा लागतो. कार्डाची मुदत संपत आली असेल तर अर्जाची पावतीही जवळ ठेवा.

आणि हो, पूर्वी कधी अटक झाली असेल, कोर्टात केस असेल किंवा या आधी लांबच्या मुदतीसाठी बाहेर राहिला असाल, तर तिकीट काढण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. पैसे पडले तरी चालतील, मित्रावर जाऊ नका.