गण, गट की कुल? आणि आवर्त म्हणजे भोवरा ना?

फोंड्याच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. त्यांची मुलगी दहावीत आहे. चौथीपर्यंत मराठी, पाचवीपासून इंग्रजी, आपल्याकडे बहुतेकांचे होते तसेच. मूलद्रव्यांचा तक्ता शिकताना घरात वाद निघाला. सावंतवाडीला मराठीतून मॅट्रिक झालेले आजोबा उभ्या रांगांना 'गण' म्हणतात. बाबांना गण म्हटले की शंकराचे भूतगण आठवतात, म्हणून ते 'गट' म्हणतात. शेजारच्या सरांच्या जुन्या वहीत क्लोरिनच्या उभ्या रांगेला 'हॅलोजन कुल' म्हटले आहे. बरोबर कोणते? आणि आडव्या रांगेला 'आवर्त' का म्हणायचे, तो तर नदीतला भोवरा?

आजोबा बरोबर. महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांतही उभा 'गण' आणि आडवे 'आवर्त' असेच असते. पण पुस्तकात आहे म्हणून बरोबर, एवढ्यावर मला थांबवत नाही.

गट म्हणजे सोयीने एकत्र आलेली माणसे. बचत गट, पंचायतीतला सत्ताधारी गट. आज या गटात, उद्या त्या. गण हा शब्द मात्र रसायनाला मिळाला तो व्याकरणात शेकडो वर्षे घासूनपुसून झाल्यावर. पाणिनीय परंपरेच्या धातुपाठात सुमारे २००० धातू १० गणांत लावले आहेत, आणि ते कशावरून? तर रूपे चालवताना कोण कसा वागतो त्यावरून. गणाला नाव मिळते पहिल्या धातूचे: 'भू'पासून सुरू होणारा भ्वादि, 'अद्'पासून सुरू होणारा अदादि. एकाची चाल कळली की त्या गणातल्या बाकीच्यांचीही कळते.

तक्त्याच्या उभ्या रांगेचे नेमके हेच काम आहे. लिथियम, सोडियम, पोटॅशियम यांच्या सर्वांत बाहेरच्या कवचात एकेकच इलेक्ट्रॉन, आणि तो देऊन टाकायची तिघांनाही घाई. सोडियमचा एक अणू क्लोरिनच्या एका अणूशी जुळतो हे कळले की पोटॅशियमचे निराळे पाठ करावे लागत नाही. 'ऑक्सिजन कुल', 'कार्बन कुल' ही नावेही पहिल्या सभासदावरूनच पडली आहेत, थेट भ्वादि-अदादिच्या वळणाने. शिवाय व्याकरणातही धातूच आणि इथेही (निदान डावीकडे) धातूच! हा योगायोग आहे, पण मला फार आवडतो. हायड्रोजन पहिल्या गणात बसूनही वायूच राहतो, ही तक्रार मुलगी करीलच. तिला सांगा, अपवाद नसलेला गण पाणिनीलाही मिळाला नव्हता.

आजोबांची आणि नातीची आणखी एका ठिकाणी चुकामूक होईल. आजोबा 'शून्य गण' म्हणतील, तिच्या पुस्तकात तोच १८वा असेल. पूर्वी रोमन आकड्यांपुढे अ-ब लावत, आणि युरोपात व अमेरिकेत ती अक्षरे वेगवेगळ्या रांगांना लागत. हा घोळ मिटवायला रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८०च्या दशकात सरळ १ ते १८ आकडे सुचवले. त्या शेवटच्या रांगेला आजोबा 'निष्क्रिय वायू' म्हणत असतील, तर तेवढे मात्र बदलायला हवे. १९६२मध्ये त्याच रांगेतल्या झेनॉनचे संयुग तयार झाले आणि निष्क्रियपणाची शपथ मोडली. 'राजवायू' बरा. राजाने कामच करू नये असे काही नाही, कोणाचेही करू नये एवढेच.

आता कुल. शब्द चांगला आहे, घरच्यांच्या तोंडवळ्यासारखे साम्य त्यातून कळते. पण तो हॅलोजन कुल असा नावासकट वापरावा, '१७वे कुल' म्हणू नये. आणि गोव्यात तर जपूनच. इथे 'कूळ' म्हटले की माणसाला शेत कसणारा आठवतो, पाठोपाठ मुंडकार (भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारा) आणि मामलेदाराच्या कचेरीतले हेलपाटे. हॅलोजन कूळ कोणाची जमीन कसते असे विचारणारा भेटायचा! गंमत म्हणून सांगतो, आपल्या गावकारीत (गावाच्या जुन्या सामायिक संस्थेत) मूळ घराण्यांसाठी 'वांगड' हा शब्द आहे. अमुक वांगडाचा गावकार म्हटले की त्याचा मान आणि क्रम दोन्ही ठरतात. परिभाषा फोंड्यात घडली असती तर आज आपण हॅलोजन वांगड म्हणत असतो.

आवर्ताबद्दल तुमची शंका खरी आहे, भोवरा हा त्याचा अर्थ आहेच. पण भोवऱ्यात सापडलेले पान काय करते? फिरून त्याच जागी येते. त्या येण्यावरच 'आवर्तन' बेतले आहे, आणि तो शब्द गोव्यात कोणाला समजावून सांगायला नको. देवळातल्या भजनाला पखवाज ऐकलेल्या पोरालाही समेवर मान कशी हलवायची ते ठाऊक असते. तक्त्यातही प्रत्येक आडवी रांग म्हणजे एक आवर्तन. नवे कवच उघडते ती सम, म्हणजे पहिला गण. तिथून निघून राजवायूपर्यंत गेले की पुन्हा सम. फरक एवढाच की इथला ताल दर फेरीला सारखा नाही. मात्रा २, ८, ८, १८, १८, ३२, ३२ अशा वाढत जातात. कोणताही पखवाजी वैतागेल.

संगीताचा विषय निघाला म्हणून 'अष्टक'. इंग्लंडच्या न्यूलँड्स या रसायनशास्त्रज्ञाने १८६५मध्ये मांडले की मूलद्रव्ये वजनाच्या क्रमाने लावली तर दर आठवे पहिल्यासारखे वागते, सुरांसारखे. लंडनच्या सभेत त्याची थट्टा झाली, वर्णानुक्रमे लावून पाहिलीत का असे कोणीतरी विचारले. मराठीत हा 'अष्टकांचा नियम' झाला. पण पेटी वाजवणाऱ्याला ते खटकते, कारण आपले सप्तक असते. सा ते नी सात, आठवा पुन्हा सा. लिथियम हा सा धरला तर फ्लुओरिन नी आणि सोडियम वरचा सा, म्हणजे मांडणी आपल्या सप्तकाचीच. त्या वेळी राजवायू सापडले नव्हते. पुढे निऑन मध्ये येऊन बसला आणि सोडियम नववा झाला. अष्टक शब्द आता रुळलाय, बदलू नका. समजावताना मात्र सप्तकच वापरा.

हिंदी पुस्तक जवळ असेल तर एक सावधगिरी. हिंदीत पहिल्या गणाला 'क्षार धातु' म्हणतात. मराठी रसायनात क्षार म्हणजे मीठ, आम्ल आणि आम्लारी (इंग्रजीत बेस) एकत्र आल्यावर बनते ते. आपल्याकडे म्हणून 'अल्क धातू'. आगरवाड्याच्या मिठागरातले मीठ मराठीत क्षार, हिंदीत लवण.

आणि आजोबांसाठी एक. रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हने १८६९च्या तक्त्यात रिकाम्या जागा सोडल्या आणि तिथे यायच्या मूलद्रव्यांना नावे दिली ती संस्कृत आकडे लावून: एका-ॲल्युमिनियम, एका-सिलिकॉन. पहिले १८७५मध्ये गॅलियम म्हणून सापडले, दुसरे १८८६मध्ये जर्मेनियम म्हणून. मँगनीजच्या खाली दोन जागा होत्या, एका-मँगनीज आणि द्वि-मँगनीज. द्वि आधी मिळाले, १९२५मध्ये, ते रेनियम. एका-मँगनीजला १९३७ उजाडले, आणि तेही प्रयोगशाळेत बनवावे लागले: टेक्नेशियम. सांगे-केप्याकडे मँगनीजच्या खाणी पाहिलेल्या आजोबांना नातीने विचारावे, एकाच्या आधी द्वि कसा आला?