'मरीन बटालियन'ला 'नौदलाची तुकडी' म्हणू नका

एका वाचकाने विचारलंय : बातम्यांत 'मरीन बटालियन'चं भाषांतर 'नौदलाची तुकडी' असं करतात, ते बरोबर आहे का? आणि मरीन लाइन्समधलं 'मरीन' तेच का?

पहिल्याचं उत्तर नाही, दुसऱ्याचं हो. मरीन म्हणजे जहाजावर नेमलेलं पायदळ. शिडं ओढणं, सुकाणू धरणं ही कामं खलाशांची. मरीन बंदुका घेऊन चढायचे आणि गरज पडली की किनाऱ्यावर उतरून लढायचे. त्यांना 'नौसैनिक' म्हणणाऱ्या उपसंपादकांनी एकदा तरी कोश उघडावा. 'सागरी पलटण' म्हणा, काम भागतं.

मुंबईला तर हे सांगायची वेळच येऊ नये. ईस्ट इंडिया कंपनीच्या 'बाँबे मरीन' या आरमाराच्या जहाजांवर शिपाई हवे होते, म्हणून १७७७ मध्ये मुंबईत मरीन बटालियन उभी राहिली. तिच्या बराकींच्या रांगा त्या मरीन लाइन्स. 'पोलीस लाइन'मधली लाइन तीच. तरी परवा कुणीतरी त्याचा अर्थ 'सागरी रेषा' असा लावलेला वाचला. धन्य आहे! याच पलटणीतला ड्रिल हवालदार सय्यद हुसेन आणि दहाव्या पलटणीतला शिपाई मंगल गडिया यांना बंडाच्या कटाच्या आरोपावरून १५ ऑक्टोबर १८५७ रोजी एस्प्लनेडवर, म्हणजे आजच्या आझाद मैदानाच्या परिसरात, तोफेच्या तोंडी दिलं.

आता 'पलटण'. क्रिकेटच्या चाहत्यांपासून कबड्डीच्या संघापर्यंत सगळ्यांनी मिरवलेला आणि घरोघरी पोरांच्या घोळक्याला चिकटलेला हा शब्द आला कुठून? यूल आणि बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' (१८८६) हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश म्हणतो, बटालियनचा अपभ्रंश, त्यात जमलं तर 'प्लाटून'ची, म्हणजे बटालियनमधल्या छोट्या तुकडीच्या नावाची, थोडी सरमिसळ. लोक हे वेदवाक्य मानून पुढे उतरवत राहतात. मला ते अजिबात पटत नाही.

सरळ अक्षरं बघा. बटालियनमध्ये आधी ट, मग ल. पलटणीत आधी ल, मग ट. आणि सुरुवातीच्या ब चा प का व्हावा? आपल्याला ब म्हणता येत नाही का? बॉटलची बाटली झाली, पाटली नाही. बटण, बिस्कूट, बंब, सगळीकडे ब शाबूत. तमिळमध्ये शब्दारंभी ब लिहायची सोयच नाही, म्हणून तिकडे बटालियनचं 'पट्टाळम्' झालं. तिथे ट आणि ल ची जागाही हलली नाही. बटालियनचा खरा वंशज तो. आपली पलटण आली ती प्लाटूनमधून, म्हणजे मूळ फ्रेंच 'पलोतों'मधून. प, ल, ट, न : एकही अक्षर इकडचं तिकडे करावं लागत नाही. पलोतोंचा मूळ अर्थ चेंडू, गुंडा, त्यावरून माणसांचा पुंजका. म्हणजे पोरांच्या घोळक्याला पलटण म्हणणारी आपली आजी व्युत्पत्तीच्या जास्त जवळ होती.

यावर ठरलेला आक्षेप असा, की प्लाटून लहान आणि पलटण मोठी. मग सुभेदाराचं काय? अख्ख्या सुभ्याचा मालक ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत एका तुकडीपुरता देशी अंमलदार झाला. फौजी शब्दांची मापं अशीच फुगतात आणि आटतात. शिवाय अठराव्या शतकात प्लाटून हा गोळीबाराचा घटक होता. एका प्लाटूनने बार काढायचा, मग दुसरीने. कवायतीच्या मैदानावर शिपायाच्या कानावर दिवसभर आदळणारा शब्द हाच. बटालियन कागदावरची. आणि पलटण हा शब्द गोऱ्या फौजेला कधीच लावत नाहीत, असंही यूलसाहेब ठोकून देतात. 'गोरी पलटण' त्यांच्या कानावर पडली नसेल, तर तो दोष आमच्या भाषेचा नव्हे.

बरं, मरीन बटालियनचं पुढे काय झालं? तिचा क्रमांक २१ होता. १९०३ मध्ये मुंबईच्या पलटणींच्या आकड्यांत शंभर मिळवले आणि ती १२१वी पायोनियर्स झाली. पायोनियर म्हणजे 'आद्य प्रवर्तक' नव्हे हो! रस्ते करणारं, खंदक खणणारं पायदळ, सफरमैनांचं, म्हणजे सुरुंग लावणाऱ्या 'सॅपर्स अँड मायनर्स'चं, चुलत भावंड. मूळ फ्रेंच 'प्यॉन', म्हणजे पायी चालणारा शिपाई. त्याच्या मागे लॅटिनमधलं पाऊल, आणि ते पाऊल आपल्या 'पद'चं सख्खं नातलग. पायदळ, बुद्धिबळातलं प्यादं, 'मराठीचा पाईक' म्हणतो तो पाईक, सगळी एकाच घरची. ऑफिसातला प्यूनही त्यातलाच, आणि मराठीत त्याला शिपाईच म्हणतात!

१९२२ मध्ये तिचं नाव 'दहावी (मरीन) बटालियन, दुसरी बाँबे पायोनियर्स' असं झालं. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात राबून आलेली ही पायी पलटण, तरी कंसात मरीन कायम. १९३३ पर्यंत सगळ्याच पायोनियर पलटणी मोडल्या. कुणाला या १२१वीचं मराठी नाव हवं असेल, तर 'पाईक पलटण' लिहा. 'प्रणेते' लिहिलंत तर मी पुन्हा लिहीन, आणि याहून लांब.