‘बेरूफ’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे: प्रॉटेस्टंट धर्म आणि भांडवलशाही यांच्या नात्यावरच्या जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरच्या निबंधातले (१९०४-०५) उतारे मराठीत आणताना ‘बेरूफ’ या जर्मन शब्दासाठी ‘व्यवसाय’ घ्यावा की ‘स्वधर्म’?

मी ‘पाचारण’ घेईन.

आजच्या जर्मनीत ‘बेरूफ’ हा अर्जातल्या रकान्याचा शब्द, आपल्या ‘व्यवसाया’सारखाच. पण त्यात ‘रूफेन’, म्हणजे हाक मारणे, हे क्रियापद दडलेले आहे. पूर्वी देवाची हाक यायची ती मठात जाणाऱ्याला किंवा पाद्री होणाऱ्याला. प्रॉटेस्टंट पंथाचा प्रवर्तक लूथर याने बायबल जर्मनमध्ये आणले, तेव्हा त्यातल्या सिराख या बोधवचनांच्या ग्रंथातल्या ‘आपल्या कामाला धरून राहा’ अशा अर्थाच्या ओळींत ‘बेरूफ’ घातला. ग्रीक पाठात तिथे काम आणि कष्ट यांचे साधे शब्द आहेत. त्या एका निवडीने चांभाराची आरीसुद्धा देवाने सोपवलेली ठरली. ‘व्यवसाय’ लिहिले की हे सगळे पुसले जाते.

‘स्वधर्म’ लूथरपुरता बराचसा चालतो, कारण देवाने ठेवले तिथेच राहून काम करावे असे तोही सांगतो. प्युरिटनांपाशी, म्हणजे इंग्लंडमधल्या कडव्या प्रॉटेस्टंटांपाशी, मात्र हा शब्द अडतो. किडरमिन्स्टरचा धर्मोपदेशक रिचर्ड बॅक्स्टर १६७३च्या आपल्या ग्रंथात म्हणतो, की स्वतःच्या आत्म्याला वा इतर कुणाला अपाय न करता अधिक मिळकत देणारा रास्त मार्ग देव दाखवत असेल आणि तुम्ही तो टाळून कमी मिळकतीचा धरलात, तर देवाने सोपवलेल्या कामाचा एक हेतूच तुम्ही मोडता. श्रीमंत व्हा, पण देवासाठी, चैनीसाठी नव्हे. ‘परधर्मो भयावहः’ म्हणणाऱ्या परंपरेतला शब्द इथे कसा बसणार? वेबरचा सारा युक्तिवाद तर इथेच उभा आहे: कोण तरणार हे देवाने आधीच ठरवलेले, आपण त्यांत आहोत का ही धास्ती, तिच्यावर उतारा म्हणून अखंड काम, चैन वर्ज्य, आणि मग उरलेला पैसा पुन्हा धंद्यात. या युक्तिवादावर आक्षेप पुष्कळ आहेत, पण अनुवादकाने आधी तो नीट पोहोचवला पाहिजे.

‘बोलावणे’ सोपे वाटते, पण मराठीत वरून बोलावणे आले म्हणजे माणूस गेला! ‘पाचारण’ मराठी बायबलमध्ये याच अर्थाने रुळलेले आहे. शिवाय वर्तमानपत्रात अग्निशमन दलाला पाचारण करतात, म्हणजे ज्याचे जे काम त्यासाठीच त्याला हाक जाते. ‘बेरूफ’मधले हाक आणि काम हे दोन्ही धागे त्यात आपसूक येतात.

अडचण एकाच ठिकाणी उरते. निबंधाच्या शेवटाकडे वेबर म्हणतो, की प्युरिटनाला ‘बेरूफ’चा माणूस व्हायचे होते, आपल्याला व्हावेच लागते. वाक्याच्या उत्तरार्धात हाक मारणारा कुणी उरलेलाच नाही. तिथे ‘पाचारण’ खोटे वाटेल. पूर्वार्धात ‘पाचारण’ आणि उत्तरार्धात ‘पेशा’ असे दोन शब्द मी वापरीन, आणि मूळ जर्मनमध्ये दोन्हींसाठी एकच शब्द आहे अशी तळटीप त्याच पानावर देईन.