चढावर गाडी मागे येते तेव्हा

प्रश्न : वय ४४, पुण्यात राहते. ड्रायव्हिंग स्कूलला महिनाभर गेले, सरांबरोबर रस्त्यावर गाडी छान चालायची. पण लायसन्सच्या टेस्टला भोसरीच्या ट्रॅकवर तीनदा नापास झाले. दोनदा चढावर गाडी मागे आली, एकदा ‘एच’ आकाराच्या ट्रॅकमध्ये रिव्हर्स घेताना चुकले. घरी सरावाला नवरा शेजारी बसतो आणि सारखा ओरडतो. जाऊबाईंचा फोनवरचा पहिला प्रश्न ‘लायसन्स मिळालं का?’ हाच असतो. मुलगा म्हणतो, आई, तू आपली रिक्षानेच जा. सोडून देऊ का?

उत्तर : रिक्षाने जायला हरकत नाही, पण मुलाने सांगितलं म्हणून नको.

‘सरांबरोबर गाडी छान चालायची’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. स्कूलच्या गाडीत सरांच्या पायाखालीही क्लच-ब्रेक असतात. गाडी बंद पडायला लागली की ते गुपचूप क्लच दाबतात आणि आपल्याला वाटतं, जमलं! महिनाभर शिकूनही अर्धा क्लच म्हणजे काय हे तुमच्या डाव्या पायाला कळलंच नसेल, तर तो तुमचा दोष कसा?

तीनदा नापास झालात, म्हणजे आता शेवटच्या टेस्टपासून साठ दिवस थांबावं लागेल. कायद्यातच तसं आहे. ही शिक्षा समजू नका, पायाला शिकवायला सुट्टी मिळालीय. रविवारी सकाळी एखादा मोकळा चढ शोधा. हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, क्लच अगदी हळू सोडत जा. एका जागी गाडी थरथरते, नाक किंचित उचलते, तोच अर्धा क्लच. पाय तिथेच रोखायचा, जरासा रेस द्यायचा आणि मग हँडब्रेक सोडायचा. असं वीस वेळा करा, दर रविवारी. चढावर हँडब्रेक वापरणं म्हणजे लबाडी नव्हे. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच ते लिहिलंय. ‘एच’साठी मात्र स्कूलचे दोन-चार जादा तास घ्या आणि सरांना आधीच बजावा, पाय वर घेऊन बसा म्हणून.

शिकाऊ परवान्याची तारीखही आजच पाहा. तो सहाच महिने चालतो, या साठ दिवसांत संपला तर नवा काढावा लागेल.

आता नवरोबा. शेजारी परवानाधारक हवाच, पण तो नवराच हवा असं कुठे आहे? ओरडणाऱ्या माणसाशेजारी चांगले चांगले ड्रायव्हर चुकतात. मैत्रीण असेल, भाऊ असेल, त्यांना बोलवा. (मी पहिल्या टेस्टला इंडिकेटरऐवजी वायपर लावला होता, तोही रणरणत्या उन्हात. टेस्ट घेणारे साहेबसुद्धा हसले. आमच्या ह्यांना मी ते चार वर्षांनी सांगितलं.)

पुढच्या टेस्टची तारीख घरात कुणाला सांगू नका. जाऊबाईंना तर मुळीच नको. त्यांनी विचारलंच तर पाऊसपाण्याची चौकशी करा.