टिक सगळे झाले, आत मात्र कोरडंच

प्रश्न: नमस्कार दादा. लहानपणापासून चर्चला जाते, रविवारची उपासना कधी चुकवत नाही, सकाळी प्रार्थना, मग मोबाईलवर बायबल वाचनाचा प्लॅन, वाचून झालं की टिक. मागे ताप आला आणि तीन दिवसांचे चौकोन रिकामे राहिले तर इतकं गिल्टी वाटलं, अजून टोचतंय. आमच्या ग्रुपमधे नवीन आलेले लोक साक्ष देताना रडतात, म्हणतात देवाच्या प्रीतीचा अनुभव आला. मला काहीच होत नाही. देवाचं माझ्यावर प्रेम आहे हे पाठ आहे, जाणवत नाही. माझ्यातच काही कमी आहे का?

उत्तर: ताई, मी त्या तीन रिकाम्या चौकोनांपाशीच अडकलो. अंगात ताप असताना पण देव हजेरी मांडत बसलाय असं वाटत असेल तर प्रेम कुठून जाणवणार, फारतर मालक जाणवेल.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला, 15 व्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा दाखला तुम्हाला माहीतच आहे, धाकटा मुलगा आपला वाटा घेऊन घर सोडतो, सगळं उधळतो आणि परत येतो, थोरला घरीच राबत असतो. आपण सगळे धाकट्यातच रमतो, बाप लांबून बघतो, धावत सुटतो, मिठी, झगा, अंगठी, वहाणा वगैरे. पण येशूने तो सांगितला कोणासमोर ते बघा, हा पापी लोकांच्या पंगतीला बसतो म्हणून कुरकुरणाऱ्या परूशी आणि शास्त्र्यांसमोर, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्यांसमोर. थोरला शेतावरून येतो, नाचगाण्याचा आवाज ऐकतो आणि आत जायलाच तयार नाही. बापाला म्हणतो, इतकी वर्षं तुमची चाकरी केली, एकदाही आज्ञा मोडली नाही आणि मला मित्रांबरोबर मजा करायला साधं करडू नाही दिलंत. मूळ ग्रीकमधलं क्रियापद गुलामासारखं राबण्याचं आहे. आणि गंमत म्हणजे सगळं उडवून आलेला धाकटा त्याला 'बाबा' म्हणतो, थोरल्याच्या तोंडात तो शब्दच नाही, भावालासुद्धा तो 'हा तुमचा मुलगा' म्हणतो. घर न सोडता नोकर झालेला माणूस.

तरी बाप बाहेर येतो हं, भर जेवणावळ सोडून, याच्यासाठी पण. विनवतो, बाळा म्हणतो, माझं आहे ते सगळं तुझंच आहे म्हणतो. (मला हा बाप धावणाऱ्या बापापेक्षा जास्त भिडतो, बहुतेक मी स्वतः थोरल्याच्या पार्टीतला म्हणून.)

राहिलं रडणं. काहींचं मन पटकन भरून येतं, काहींचं नाही, त्यावरून प्रेम मोजू नका. बायबलमधल्या पत्रात प्रेषित पौल रोमकरांना लिहितो तेव्हा पुरावा म्हणून आपल्याला काय वाटलं ते देतच नाही, आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला ही घडून गेलेली गोष्ट देतो. बायबलमधलं 88 वं स्तोत्र तर चक्क अंधारात संपतं, शेवटी 'पण तरीही' वगैरे काही नाही, तरी ते शास्त्रात आहेच की. मदर तेरेसांची पत्रं 2007 मधे छापली गेली तेव्हा लोकांना कळलं की कित्येक वर्षं त्यांना आत देव जाणवतच नव्हता. आणि थकलेल्या माणसाशी देव कसा वागतो ते बघायचं तर बायबलमधलं 'पहिले राजे' हे पुस्तक, अध्याय 19. संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून मरण मागतोय, त्याला कोणी लेक्चर देत नाही, देवदूत भाकर आणि पाणी देतो, तो खाऊन परत झोपतो, देवदूत परत उठवून खायला घालतो. तुमचे ते तीन दिवस मी असे बघतो. पण एक, देवच नाही तर सगळंच बेचव झालं असेल, झोप-भूक गेली असेल तर डॉक्टरांना नक्की दाखवा, त्यात विश्वास कमी पडला वगैरे काही नसतं.

आठवडाभर प्लॅन बाजूला ठेवा. लूक 15 च्या फक्त 25 ते 32 ओव्या वाचा, आणि थोरल्यासारखंच देवाला बोलून टाका, तुमचं न मिळालेलं करडू कोणतं ते नाव घेऊन सांगा. चिडून बोललात तरी चालेल, तो बाप थोरल्याचं सगळं ऐकून घेत तिथेच उभा होता. आणि हो, टिक करायची नाही.